आत्याच्या पानातलं रायतं

अठरा माणसांचा बेत, म्हणून साडेतीन किलो दही फेटलं आणि झाशीच्या सीपरी बाजारातून आणलेली बुंदी त्यात सोडली. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरली, आणि त्या वासासरशी रेल्वे क्वार्टरमधली माझ्या मुंजीची दुपार समोर उभी राहिली.

पंगतीत पुण्याहून आलेली आत्या मानाच्या पानावर होती. पानाच्या डाव्या बाजूला कोशिंबिरीच्या जागी आईने इथल्या पद्धतीने बुंदीचं रायतं वाढलं. आत्याने एका बोटाने वाटी पानाबाहेर सरकवली.

"झाशीत राहून डावी बाजूही विसरलीस? तू आता आपल्यातली राहिली नाहीस हो!"

पंगत हसली. आई म्हणाली, "चुकलं, वन्सं." वाटी उचलताना तिचे कान लाल झाले होते.

तिने उलट उत्तर दिलं नाही म्हणून मी कित्येक वर्षं तिच्यावरच चिडून होतो. आता कळतं, पाहुण्यांचं जेवण उरकेपर्यंत यजमानाला बोलता येत नाही. वाढता मात्र येतं.

आजचं केळवण आत्याच्या नातवाचं. नवरी झाशीचीच. तिची आई आत्याशेजारीच बसली होती. मी आत्याच्या पानात डावीकडे रायत्याची वाटी ठेवली. आत्याचं बोट वाटीकडे जाताच ती प्रेमाने म्हणाली, "लीजिए ना अम्माजी, इसके बिना हमारे यहाँ दावत ही नहीं होती।"

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाटी तोंडाला लावली.

"चुकलं का काही, आत्या?" मी विचारलं.

"नाही रे. छान झालंय."

मी वाटी पुन्हा काठोकाठ भरली.