निवट्यांना विचारून धंदा

मला अक्कल फार होती, हे आधीच कबूल करते. पालघरला तीन दिवस कोळंबीपालनाच्या शिबिरात बसून प्रमाणपत्र घेऊन आले होते ना! तिथे एका सरांनी सांगितलं, बाहेरच्या देशांची कोळंबी आपल्यापेक्षा स्वस्त पडते, देशाला बाजारात टिकायचं असेल तर तळ्यात बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, दाट सोडा आणि अंदाजपंचे धंदा बंद करा. मी जोरजोरात मान डोलावली. जसा काही अख्खा देश केळव्याच्या खाडीकडच्या आमच्या तळ्यावरच अडला होता.

तळं बाबांचं. खाजणातली भातशेती खाऱ्या पाण्याने गेली, तेव्हा त्यांनी स्वतः बांध घालून ते केलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं तर बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी उचलायची. त्याआधी बाबा खाडीच्या चिखलाकडे बघत उभे राहायचे. निवटे, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे ते बोटभर मासे, बाहेर दिसले तर फळी वर. नाहीतर नाही. लोक हसायचे. मीही हसायचे.

त्या वर्षी मी बी दुप्पट सोडलं. हंगाम बुडाला तर तळं परक्याला चालवायला द्यावं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दाट कोळंबीला ताजं पाणी जास्त लागतं. एका सकाळी भरती चढायला लागली आणि बाबा म्हणाले, "आज नको. निवटे नाय बाहेर."

मी पाणी तपासायचा मीटर खाडीत बुडवला. सगळे आकडे ठीक.

"बाबा, निवट्यांना विचारून धंदा करायचा का? जग कुठे चाललंय!"

"पाण्यात काय तरी हाय, पोरी."

मी फळी उचलली.

दुपारपर्यंत कोळंबी काठाला येऊन मरायला लागली. खाडीत कुठून काय आलं होतं, ते आजवर कळलं नाही. जिथे विचारलं तिथे प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरून जिवंत कोळंबी बादलीत गोळा करत होते. बादली काही भरली नाही. सरांना फोन केला तर म्हणाले, "मीटर बरोबर होता ना? मग तुमची चूक नाही." वा रे वा! चूक नाही म्हणे.

तळं गेलं. त्याच्या कडेचं, स्वतःची छोटी उघाडी असलेलं एक डबकं तेवढं आमच्याकडे राहिलं. त्यात मी थोडं बी सोडलंय आणि रोज सकाळी बाबांच्या जागेवर उभी राहते. बाबा बांधावर येत नाहीत. निवटे दिसतात, पण किती दिसले म्हणजे पुरे, हे मला कुठे कळतंय? शिकून घ्यायची वेळ होती तेव्हा मी हसत होते.

परवा घरी येऊन विचारलं, "बाबा, आज चार-पाचच दिसतात. उचलू का फळी?"

ते म्हणाले, "मीटर काय बोलतो?"

टोमणा असता तर गिळला असता. ते खरंच विचारत होते.