आईनं सोडलेल्या गोळ्या

लोहाच्या गोळ्यांचं पाकीट फोडलं की त्या गंजक्या वासानं भरवेलीच्या खाणीजवळची आमची खोली आठवते. आई खाणीवर मँगनीजचे दगड निवडायची. अंगात रक्त कमी म्हणून तिला याच गोळ्या मिळाल्या होत्या. काही दिवसांनी तिनं अचानक मला, नऊ वर्षांच्या पोरीला, स्वयंपाक शिकवायला घेतला. काहून विचारलं तर पिठाची परात माझ्यापुढं सरकवायची. शेवटी घरी आलेल्या नर्सबाईंना ती हळूच म्हणाली, "संडासले काळं होते, बाई. खदानीची धूळ पोटात गेली माह्या. आता मी वाचत नाई, म्हणून गोळ्या सोडल्या." नर्सबाई म्हणाल्या, "गोळीनंच काळं होते, माय. भेऊ नको, फक्त चहासंगं घेऊ नको." दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाली, "जाय, खेळ."