माझ्या नणंदेचं तेलाशी वैर

तेलाचा थेंब पाहून साप पाहिल्यासारखी दचकणारी बाई अख्ख्या आदिलाबादेत एकच होती, आणि ती नेमकी माझ्याच नशिबी नणंद म्हणून आली. शाळेत खेळाची शिक्षिका, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, बत्तीस वर्षांची, छडीसारखी ताठ. पहाटे धावून यायची, अंगणात दोरीवरच्या उड्या मारायची आणि मग माझ्या स्वयंपाकाची झडती घ्यायची. आमच्याकडं पिठल्यावर कच्चं तेल घेतल्याशिवाय घास उतरत नाही; हिला पिठलं नुसत्या पाण्यात शिजवलेलं हवं! एकदा तर तिनं माझी वांग्याची भाजी चाळणीत ओतून चक्क गरम पाण्यानं धुतली. पोळ्याच्या सणाला पुरणपोळीवर मी चोरून तूप सोडलं, तर पठ्ठीनं ती पोळी टिपकागदानं टिपली आणि वर मलाच ऐकवलं, "वहिनी, तूप पायात उतरते. पाय जड झाले का खो-खो संपला."

तिच्या संघातल्या पोरी तिच्यावर जीव टाकायच्या. बाई म्हणतील ती पूर्व दिशा. नव्वदच्या सुमारास तिनं त्यांचंही तेल, तूप, शेंगदाणे, तीळ सगळं बंद केलं. डब्यात कोरडी भाकरी न् उकडलेली भाजी. पोरी निर्मल गावच्या संघाला हरवून आल्या तेव्हा ही आठवडाभर जमिनीवर नव्हती.

मग एका रविवारी, आम्ही जेवायला बसणार तोच, संघातल्या सगळ्यात चपळ मुलीची आई गावाहून आली. कापूस वेचणं टाकून आली होती. तिनं आधी दार लोटून घेतलं.

"बाई, माह्या पोरीचे चार महिने चुकले. कोणाचं नाव सांगून नाही राह्यली. तिच्या बापाले समजलं तं जीव घेईन तो तिचा! काय चालून राह्यलं तुमच्या शाळेत?"

सासूबाईंच्या हातातून तांब्याच पडला. पंधरा वर्षांची पोर हो!

नणंदबाई मात्र हसली. "अवं माय, तसं काई नाई! पाळीच बंद झाली ना? संघात पाच जणींची झाली. अंग तयार झाल्याचं लक्षण हाय ते. कटकट गेली! माही तं तीन वर्षांपासून नाही."

"तीन वर्षं?" सासूबाई ओरडल्याच. "आन मी समजून राह्यली का तू शिकली-सवरली म्हणून बाजूले बसत नाहीस! तीन वर्षं देवापुढं तुह्या नावानं माफी मागून राह्यली मी, कार्टे!"

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला, तिच्या आईला न् नणंदेला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी पोरीला तपासलं. पोटात काही नव्हतं. आईनं तिथंच हात जोडले. डॉक्टरीणबाई मात्र भडकल्या. त्या तेलुगू, चिडल्या की हिंदीवर यायच्या. एवढं पळवायचं, पोटभर खाऊ द्यायचं नाही, अंगात तेलतूपच गेलं नाही तर हार्मोन बनणार कशातून? पाळी जाणं ही ताकद नव्हे, शरीरानं हात टेकलेत. असंच चाललं तर हाडंसुद्धा ठिसूळ होतील. मग त्यांनी चष्म्यावरून नणंदेकडं पाहिलं. "और आप? तीन साल?"

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. घरी पोचताच तिनं मला विचारलं, "वहिनी, मी पोरींचं वाटोळं केलं का वो?" मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तिचा तो चेहरा पाहवेना. मी ताट वाढलं. तिनं आपल्या हातानं पिठल्यावर तेल ओतलं आणि रडत रडत जेवली. दुसऱ्या दिवशी सायकल काढून संघातल्या एकेका पोरीच्या घरी गेली, आयांपुढं चूक कबूल केली, पोरींना तेलतूप घाला म्हणून विनवलं. दोघी-तिघींनी तिला दारातूनच हाकललं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

पोरी त्या वर्षी सामने हरल्या, पण पाच-सहा महिन्यांत एकेकीचं सुरळीत झालं. हिचं मात्र होईना. सासूबाई मला नुसत्या डोळ्यांनी विचारायच्या, मी मान हलवायची. वर्ष उलटून गेलं. आम्ही विचारणंही सोडलं.

एका दुपारी ती शाळेतून लवकर आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मटकन बसली आणि म्हणाली, "आई, आली."

ज्या पाळीच्या नावानं आम्ही जन्मभर बोटं मोडली, तिच्यासाठी आम्ही तिघी गळ्यात गळे घालून रडलो. मग डोळे पुसत ती म्हणाली, "वहिनी, पोट लय दुखून राह्यलं वो," आणि लहान पोरीसारखी हसायला लागली.