मी बाद केलेली पुस्तकं

चहा आधी संपवा, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. माझ्या हातून जो घोटाळा झाला तो सांगावा की नाही, हे माझं अजूनही ठरत नाही. पण तोंड उघडलंच आहे, तर ऐका!

मी ग्रंथालयशास्त्राचा प्राध्यापक होतो. डॉक्टरेट वगैरे आहे. जन्मभर ग्रंथपाल घडवले. पण खरं सांगू? ‘सर, ते पुस्तक द्या ना,’ असं एकाही लेकरानं मला कधी म्हटलं नाही. कसं म्हणणार? मी पुस्तकांविषयी शिकवत होतो, पुस्तकं देत कुठं होतो! निवृत्त होऊन तेरला, माझ्या गावी परतलो. पुढं बायकोही गेली. दुपारी रिकाम्या घरात बसलं, की कुणीतरी येऊन तेवढं एक वाक्य म्हणावं असं फार वाटायचं.

अशातच इथल्या शाळेच्या ग्रंथपाल शिंदे मॅडम घरी आल्या. माझ्याच विद्यार्थिनी. म्हणाल्या, “सर, आमचं ग्रंथालय जरा मानकांप्रमाणं लावून द्या की.”

मानकं! त्यांचं वाक्य संपायच्या आत मी चपला शोधू लागलो.

वर्गीकरण झालं, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटले. मग आलं निर्लेखन, म्हणजे निकामी पुस्तकं बाद करणं. कव्हर गेलंय? बाद. शिवण उसवलीय? बाद. पानांवर तेलाचे डाग? बाद, बाद!

मॅडम चाचरत म्हणाल्या, “सर, पुस्तक मुलांनी किती वेळा नेलंय, तेही बघायचं असतं ना? तुम्हीच शिकवलंत.”

“बघू की,” मी म्हणालो, आणि बघितलं नाही. अहो, शंका आली की मी घाबरतो, आणि घाबरलो की जास्तच ठामपणे बोलतो! मुख्याध्यापकांची सही झाली आणि गठ्ठे रद्दीत गेले.

कपाटं काय दिसत होती म्हणता! एकेक पुस्तक कोरं करकरीत. कोरं का, तर ते कुणी उघडलंच नव्हतं, हे मात्र माझ्या डॉक्टरेटला सुचलं नाही. मी टेबलाशी बसून वाट बघायचो. मधल्या सुट्टीत पोरं दारातून डोकावायची, कपाटावर नजर टाकायची आणि पसार! मला वाटायचं, माझा चेहराच तसा आहे की काय?

पण एक नवल घडलं. शाळेतल्या मुलांचे केस! रोज कुणीतरी कटिंग करून हजर. मुख्याध्यापक खूश. “सर, तुमच्या ग्रंथालयानं पोरांना वळण लागलं बघा!”

आणि मी मान डोलावली हो! नको होती डोलवायला.

मग एके दिवशी सातवीतली वैष्णवी आली. टेबलाला टेकून म्हणाली, “सर, ते विहिरीतल्या भुताचं पुस्तक द्या ना.”

तेच वाक्य! उठलो, सगळी कपाटं पालथी घातली. पुस्तक नाही.

“कसं होतं गं ते?”

“कव्हर न्हवतं त्याला. माजा शेवट वाचायचा ऱ्हायलाय.”

“अगं, ते मी बाद केलं,” मी म्हणालो.

“म्हंजी ते बी बालाजीच्या सलूनात गेलं व्हय?” ती म्हणाली. “समदी पोरं तिथंच वाचत बसत्यात. आमी पोरींनी कसं जायचं तिथं?”

तसाच निघालो. ती मागोमाग. ती दाराबाहेर थांबली, मी आत शिरलो आणि जागीच उभा राहिलो. बाकं भरलेली, प्रत्येक मांडीवर एक फाटकं पुस्तक, आणि कसली शांतता! आयुष्यभर मनात धरलेलं ते दृश्य समोरासमोरच्या आरशांत लांबच लांब पसरलं होतं.

“या सर!” बालाजी म्हणाला. “रद्दीतनं आणली, गिऱ्हाइकाला चाळायला. तर ही गर्दी!”

“बालाजी, भुताचं तेवढं दोन दिवस घरी दे.”

“न्हाय सर. एकानं नेलं, ते पुन्हा दिसलंच न्हाय. आता हितंच बसून वाचायचं, आन् ते बी गिऱ्हाइकानं. नियम म्हंजी नियम.”

असलेच नियम मी जन्मभर शिकवले.

“मग मी गिऱ्हाईक होतो, शेवट वाचून पोरीला सांगतो,” म्हटलं.

“बसा की. दाढी करू?”

ती मी सकाळीच घरी केली होती.

“मग कटिंग?”

मी टोपी काढली. बालाजी कात्री घेऊन माझ्या डोक्याभोवती एकदा फिरला. पोरांनीही पुस्तकांतून माना वर काढल्या.

“सर,” तो गंभीरपणे म्हणाला, “तुमचं जरा अवघड हाय.”

मी बाहेर आलो. पायरीशी उभ्या वैष्णवीनं सगळं पाहिलं होतं. मी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

“ऱ्हाऊ द्या सर,” ती माझी समजूत घालत म्हणाली, “तुमच्याच्यानं न्हाय व्हायचं. मी माज्या भावाला धाडते. त्याला लई केस हायत.”