बक्षिसाचं नाणं परत करताना

आमच्या मराठी मंडळाच्या टेनिस स्पर्धेत मुलांच्या विजेत्याला आठ ग्रॅमचं सोन्याचं नाणं मिळे आणि मुलींच्या विजेतीला डिनर सेट. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची, आम्ही शारजात राहत होतो तेव्हाची. नाणं दुबईचा एक सराफ द्यायचा आणि त्याबदल्यात त्याचा फलक कोर्टावर लागायचा. वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि विचारलं, कोर्ट तेच, चेंडू तेच, ऊन तेच, मग बक्षीस वेगळं का?

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, मुलींना लग्नात सोनं मिळतंच की."

"मुलांना लग्नात भांडी मिळतात. मग डिनर सेट त्यांना द्या."

सभा हसली. मागून कोणीतरी "खलास, द्या नाणं" म्हणालं आणि ठराव झाला. त्या वर्षी मुलींत माझीच मुलगी जिंकली. ती जिंकेल असं मला वाटत होतंच, म्हणून मी भांडले, हेही खरं.

नाणं नुसतं कपाटात ठेवून काय उपयोग? पंधरा दिवसांत मी ते माझ्या दोन जुन्या अंगठ्यांबरोबर त्याच सराफाकडे मोडीत घातलं आणि तिच्या लग्नासाठी बांगडी करून घेतली.

पुढच्या वर्षी ती बारावीत होती. तिच्या कोचनी तिच्या खेळाची व्हिडिओ कॅसेट अमेरिकेतल्या काही कॉलेजांना पाठवली होती, त्यातल्या एकाचं पत्र आलं. टेनिससाठी पूर्ण फी माफ, राहणं-जेवण फुकट. मला आधी यात काहीतरी फसवणूक वाटली. चेंडू मारायचे म्हणून कोण एवढे पैसे देतं? मी चकल्या आणि लाडू विकून धंदा उभा केला होता, मला फुकट कोणी काही दिलं नव्हतं.

"आई, दे हॅव टु," ती म्हणाली. "मुलांच्या फुटबॉल टीमवर इतका खर्च करतात, मग मुलींनाही तेवढ्या जागा द्याव्या लागतात. इट्स द लॉ."

कायद्याने जबरदस्ती केली म्हणून मिळालेली जागा चांगली की वाईट, मला ठरवता येईना. पण मंडळाच्या सभेत मीही तेच करून आले होते. शिवाय शिष्यवृत्ती नाही तर अमेरिका नाही, हे आमच्या घरात स्पष्ट होतं. यांच्या काँट्रॅक्टिंगच्या धंद्यात त्या वर्षी बिलं अडकली होती.

पत्रासोबत एक फॉर्म होता. खेळल्याबद्दल कधी पैसे किंवा पैशाच्या मोलाची वस्तू घेतली आहे का, असं त्यात विचारलं होतं. तिथे येऊन तिचं पेन थांबलं.

"कॉइन," ती म्हणाली.

"ते बक्षीस होतं."

"गोल्ड आहे, आई."

"पण तेच लोक तुला खेळायचे पैसे देणार आहेत ना?"

"दॅट्स नॉट पे. दॅट्स स्कॉलरशिप."

मी दोन्हींमधला फरक तिला तीनदा विचारला. तिने तीन वेगवेगळी उत्तरं दिली.

हे म्हणाले, "'नाही' असं लिही. शारजात येऊन कोण बघणार आहे?"

"मी खोटं लिहिणार नाही, बाबा."

तिने फॅक्सच्या दुकानातून कॉलेजला नाण्याबद्दल सगळं कळवलं. उत्तर दोन दिवसांत आलं: बक्षीस परत करा, आयोजकांकडून परत घेतल्याचं पत्र पाठवा, महिनाअखेरीच्या आत. तसं झालं तर हरकत नाही.

नाणं परत करायचं तर नाणं हवं. बांगडीतून ते काढणार कसं? मी दुबईला त्याच सराफाकडे गेले आणि तसंच नाणं विकत घेतलं. दोनशे सत्तर दिरहम, म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर. सराफ म्हणाला, "वही सिक्का फिर से चाहिए, बहनजी?" मी पैसे मोजून दिले.

सेक्रेटरींच्या ऑफिसात नाणं टेबलावर ठेवलं तर त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"वहिनी, भर सभेत माझी अब्रू काढून नाणं घेतलंत, आता परत करताय?"

"कॉलेजला चालत नाही."

"सोनं चालत नाही? कुठल्या देशातलं कॉलेज आहे हे?"

त्यांचं म्हणणं होतं की परत घेतल्याचं पत्र लिहिलं तर कमिटीला कारण सांगावं लागेल. मी अख्खी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकली, आणि मला वाटतं, त्यांनाही माझ्याइतकीच कळली. तरी लेटरहेडवर चार ओळी टाइप करून घेतल्या, सही केली, शिक्का मारला. मग म्हणाले, "आता हे उपविजेतीला देऊ. न्याय होईल."

त्यांनी माझ्यासमोरच उपविजेतीच्या आईला फोन लावला. समोरून बराच वेळ बोलणं चाललं होतं. फोन ठेवून ते म्हणाले, "त्या नको म्हणतात. त्यांच्याही मुलीने कॅसेट पाठवली आहे."

"आणि मुलांत जिंकला होता तो? त्याला मिळालेलं नाणं?"

"त्याचं काय? तो पुण्याला इंजिनीअरिंगला गेला. त्याला कोण विचारतंय?"

त्यांनी नाणं पाकिटात घालून खणात ठेवलं. मी पत्र घेऊन थेट फॅक्सच्या दुकानात गेले. तिथे मुलगी माझी वाट बघत उभी होती. तिनेच कागद मशीनमध्ये घातला. मंजुरी चार दिवसांनी आली आणि ऑगस्टमध्ये ती गेली.

तिथे तिला बूट, रॅकेट, जेवण, विमानाची तिकिटं सगळं मिळालं. रोख एक डॉलरसुद्धा नाही. आपण हक्क मिळवला की चूक केली, हे मला तेव्हा कळलं नाही. लोक विचारत, मुलगी अमेरिकेत काय करते? मी सांगायची, शिकते. खेळते असं म्हटलं की पुढे खूप समजावून सांगावं लागे, आणि तेवढं मला येत नव्हतं.