हात लावू नोका

हळद शिजवल्याचा वास आला की मला मित्राचं रिठद गावातलं घर आठवतं. तिथं बसून आम्ही दोघं पावसाच्या नोंदी ठेवणारा, कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येईल असा प्रोग्राम लिहीत होतो. कोडमध्ये मराठीत टिपा होत्या, आणि त्यांवरून माहितीची पानं बनवणारं भरवशाचं टूल शोधताना जीव मेटाकुटीला आला होता. एकात जोडाक्षरं फुटायची, दुसरं दर अपडेटला बंद पडायचं. अंगणात चुलाणावर हळद रटरटत होती, धुरानं डोळे चुरचुरत होते. तिसऱ्या टूलनं एकदाची पानं काढली, एक वेलांटीही इकडची तिकडे नाही. मुख्य फंक्शनच्या पानावर मित्राचीच टीप ठळक अक्षरांत झळकत होती: ‘हे कसं चालून राह्यलं, मले मालूम नाही. हात लावू नोका.’ मी म्हणालो, ‘पुस ते, लोकं हासतील.’ तो भिंतीला टेकला. ‘राहू दे ना बे. खोटं लिहाले आता आंगात जीव नाही.’ आता तो या कामात नाही, ते टूलही कधीच बंद पडलं. मी मात्र अधूनमधून कोड उघडतो, ती ओळ वाचतो आणि हात न लावता बंद करतो.