डोक्याचं औषध आणि खांद्यावरचा पंचा

डॉक्टर मॅडमनी माझ्या डोक्यावर दिवा धरला, भिंगातून मिनिटभर बघितलं आणि म्हणाल्या, "काँटॅक्ट डर्मटायटिस." म्हणजे एखादी वस्तू कातडीला मानवली नाही, की ती जिथं लागेल तिथली कातडी लाल होते, खाजते आणि सोलते. माझ्या बाबतीत ती वस्तू म्हणजे केस उगवायचं औषध होतं. हे ऐकून मला हायसं वाटलं. नायटाच असणार, अशी मनाची तयारी करून मी सांगलीला गेलो होतो.

मग त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. तिथं माझी तीन महिन्यांची भाची, स्वरा, पंच्यावर गाल टेकून गाढ झोपली होती. "हिच्या कपाळावर एवढी लव कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्याच्यासाठीच आम्ही खालच्या मजल्यावर बालरोगतज्ज्ञांकडं आलोय, बहीण आणि आई खाली रिपोर्टची वाट बघत बसल्यात. मॅडमनी पंच्याचं टोक हातात घेतलं, वास घेतला आणि खुर्चीवर मागं टेकून बसल्या.

पुढच्या पाच मिनिटांत मला कळलं, की त्या औषधानं माझं डोकं तर सोललंच होतं, पण त्याच औषधानं या लेकराच्या अंगावर केस उगवले होते. ज्यांच्या घरात केसांच्या औषधाची बाटली आणि तान्हं बाळ एका छपराखाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचलं तरी हरकत नाही. आमच्या आष्ट्यात सगळ्यांची झालीच आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो. माझं वय छत्तीस. आष्ट्यात ठिबक सिंचनाचं आणि पाइपांचं दुकान आहे. केस तिशीतच कपाळावरून मागं सरकायला लागले, पण मी त्यांना अडवलं नाही. दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचं, शीतलचं लग्न झालं. सासर दहिवडीचं. वडील नसल्यामुळं मांडवात सगळीकडं मीच पळत होतो. जेवणाच्या पंगतीत तिकडचे एक आजोबा माझा हात धरून म्हणाले, "आवं, पोरगी दिली म्हणून वाईट वाटून घिऊ नका. बापाचं काळीज असतंच तसं." मी त्यांना जिलबी वाढली आणि पुढं गेलो. पण नवरीच्या भावाला त्यांनी बाप समजलं, ते काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यात माझं लग्न अजून व्हायचं होतं.

औषध मी डॉक्टरांना विचारून घेतलं नाही. मेडिकलवाल्या मित्राला विचारून घेतलं. ही माझी पहिली चूक. औषधाचं नाव मिनोक्सिडिल. ते डोक्याच्या कातडीला लावायचं पातळ द्रावण असतं. सकाळी एक मिली आणि संध्याकाळी एक मिली, एवढं सरळ काम. पहिल्या महिन्यात केस वाढायच्या ऐवजी मूठमूठ गळाले. याला शेडिंग म्हणतात, जुने कमकुवत केस आधी पडतात आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते थांबतं, हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. तेव्हा मी फक्त आंघोळीची मोरी बघून हातपाय गाळले होते.

मग खाज सुटली. आधी गोड, मग चांगलीच कडू. पांढरे पापुद्रे खांद्यावर पडायला लागले. आईला वाटलं कोंडा झालाय, तिनं वर खोबरेल चोपडलं. मला वाटलं औषध चावतंय म्हणजे लागू पडतंय. लहानपणापासून आपण हेच शिकलोय, जखमेला झोंबलं नाही तर ते औषध कसलं? म्हणून मी एक मिलीचे दोन मिली केले. जिना चढताना छाती धडधडायला लागली, तर चहा कमी केला. औषध कातडीतून रक्तात जाऊ शकतं, हे डोक्यातच आलं नाही.

द्रावण कपाळावरून ओघळून डोळ्यात जायचं. त्यावर मी तोडगा काढला. घरात वडिलांचा एक जुना पंचा होता, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेला. संध्याकाळी दुकान बंद करून आलो, की औषध लावायचं, वर पंचा करकचून बांधायचा आणि अर्ध्या तासानं सोडून खांद्यावर टाकायचा. शेतकऱ्याच्या घरात खांदा मोकळा ठेवायची पद्धत नाही. पंचा धुतला जायचा रविवारी.

त्याच दिवसांत शीतल बाळंतपणाला आली आणि स्वराचा जन्म झाला. मामा म्हणून मला आतापर्यंत काहीच जमलेलं नव्हतं, पण एक गोष्ट अशी जमली की घरात माझा भाव वधारला. दूध पाजल्यावर स्वराची ढेकर फक्त माझ्या खांद्यावर निघायची. आईनं थोपटलं, शीतलनं थोपटलं, तरी पोरगी किंचाळत राहायची. मी घेतली की दोन मिनिटांत ढेकर, तिसऱ्या मिनिटाला झोप. रोज संध्याकाळी दोन-दोन तास ती माझ्या खांद्यावर असायची. तोंड पंच्यात, एक मूठ माझ्या मानेवर. मी त्या दोन तासांसाठी दुकान लवकर बंद करायला लागलो होतो, हे मी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं.

स्वराची लव पहिल्यांदा ध्यानात आली ती हौसाबाईंच्या. त्या बाळाला न्हाऊ घालायला यायच्या. डाळीच्या पिठाची तेलातली लोळी अंगावर फिरवून बाळाची लव काढायचा त्यांचा हातखंडा. एक दिवस त्यांनी स्वराला पायावर पालथी घातली आणि हात थांबवला. "शीतल, म्या उभा जन्म पोरं न्हाऊ घातल्याती," त्या म्हणाल्या. "पोरांची लव दिसामाशी कमी व्हती. हिची वाढतीया."

आम्ही हसण्यावारी नेलं. दाजींची दाढी दाट आहे, त्यामुळं पोरगी बापाच्या वळणावर गेली असं आई म्हणाली. दहिवडीहून विहीणबाईंनी फोनवर फोटो बघितला आणि त्यांनी आमच्या घराण्यावर ढकललं. मग त्यांना मी आठवलो असणार, कारण त्यांनी तो मुद्दा लगेच सोडला. पण पंधरा दिवसांत स्वराच्या कपाळावर, गालांवर आणि खांद्यांवर काळसर लव स्पष्ट दिसायला लागली. शीतल रात्रंदिवस तिचं कपाळ निरखत बसायची आणि तिचं हसणं बंद झालं.

सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांनी या लवेला हायपरट्रायकोसिस म्हटलं. म्हणजे जिथं नको तिथं, नको तितके केस. एवढ्या लहान बाळात कधीकधी मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथींचा दोष असतो, म्हणून रक्त आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. एवढ्याशा मुठीत सुई घातली तेव्हा मी बाहेर जाऊन जिन्यात रडलो. रिपोर्ट यायला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत आमच्या घरात भांड्याचाही आवाज झाला नाही.

काळजीनं म्हणा, उन्हानं म्हणा, माझं डोकंही पेटलं. रिपोर्ट आणायला जायचंच होतं, म्हणून त्याच इमारतीतल्या त्वचेच्या डॉक्टरांचा नंबर लावला. स्वरा रडत होती, तिला मी बरोबर घेऊन वर गेलो. आणि मग वर सांगितलं ते झालं.

मॅडमनी फार प्रश्न विचारले नाहीत. हाच पंचा डोक्याला बांधता का? व्हय. बाळ यावर रोज किती वेळ असतं? मी दोन तास म्हणून सांगितलं, आणि सांगताना नेहमीच्या सवयीनं थोडा अभिमानही वाटला. मग त्या शांतपणे बोलल्या. "औषध लावून डोकं घट्ट बांधलं, म्हणून तुमच्या कातडीची आग झाली आणि औषध जास्त आत गेलं. छाती त्यामुळंच धडधडत असणार. तोच कपडा बाळ तोंडात घेतंय. बाळाची कातडी पातळ असते. आधी बाळाला खाली डॉक्टरांना दाखवा, तुमचं डोकं नंतर बघू."

त्या एका मजल्याच्या जिन्यात मी तीनदा थांबलो. खाली शीतल हातात लिफाफा घेऊन उभी होती. रिपोर्ट सगळे व्यवस्थित होते, पण मग लव कशानं, हे कळलं नाही म्हणून ती आणखीच घाबरली होती. मी तिला सांगितलं, "शीतल, हिची लव माझ्या औषधानं वाढलीया. ह्या पंच्यामुळं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग स्वराला माझ्या खांद्यावरून काढून घेतलं, आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हे औषध मुळात रक्तदाबाचं होतं, त्यामुळं डॉक्टरांनी स्वराचा रक्तदाब आणि ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, दोन्ही बघितलं. देवाची कृपा, दोन्ही ठीक निघालं. औषधाचा संबंध तुटला की ही लव काही महिन्यांत आपोआप गळेल, असं त्यांनी सांगितलं. आई तिथंच खुर्चीत बसून देवाला हात जोडत राहिली. घरी आल्यावर पंचा चुलीत गेला. वडिलांची आठवण होती, पण कुणी हळहळलं नाही.

माझा इलाज सोपा होता. औषध बंद, सौम्य स्टिरॉइडचं लोशन मोजके दिवस, तेही मॅडमनी सांगितलं तेवढंच. डोकं साध्या शाम्पूनं धुवायचं, वर तेल नाही, लेप नाही, हौसाबाईंचा कोरफडीचा सल्लाही नाही. मग पॅच टेस्ट झाली. पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या चकत्या चिकटवतात, दोन दिवस ठेवतात आणि कुठली चकती कातडीला चिडवते ते बघतात. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. सांगलीकडच्या उन्हाळ्यात, पाइपांच्या दुकानात. गिऱ्हाईक पाच फूट लांब उभं राहून नळ्या मागायचं.

दोषी सापडला तो प्रोपिलीन ग्लायकॉल. मिनोक्सिडिल विरघळून राहावं म्हणून द्रावणात घालतात तो पातळ पदार्थ. म्हणजे मूळ औषध नाही, त्याला वाहून नेणारं गाडं. ज्याला ते सोसत नाही त्याच्यासाठी बहुतेक वेळा फोम, म्हणजे फेसाच्या रूपातलं औषध चालतं. पण खाज सुटली की मनानं मात्रा वाढवू नका, डोकं बांधू नका, आणि छातीत धडधड, चक्कर किंवा पायांना सूज आली तर चहावर ढकलू नका, डॉक्टरकडं जा. मी केलं ते सगळं उलटं केलं की बरोबर होतं.

माझं डोकं तीन आठवड्यांत थंड झालं. घर थंड व्हायला जास्त दिवस लागले. शीतल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, पण स्वराला माझ्याकडं देत नव्हती. औषध बंद होतं, डोकं रोज धुतलं जात होतं, तरी मी पाळण्याजवळ गेलो की तिची नजर माझ्या हातांवर यायची. मला तिचा राग आला नाही. पण सात वाजता स्वरा रडायला लागली, की मी उगाच अंगणात जाऊन मोटारसायकल पुसायचो. एवढी चकचकीत मोटारसायकल आष्ट्यात दुसरी नव्हती. आई मला म्हणाली, "दम धर. आईचं काळीज हाय ते, भ्यालंय. तुझ्यावर रागावल्यालं न्हाई." त्या दिवशी मला मोकळं रडू आलं.

लव हळूहळू विरळ झाली. आधी गालांवरची, मग कपाळावरची. पाचव्या महिन्यात दाजी येऊन दोघींना दहिवडीला घेऊन गेले. त्यांना शीतलनं सगळं सांगितलं होतं. गाडीत बसताना ते म्हणाले, "पावणं, आमच्या दाढीवरचा आळ निघाला, लय झालं."

त्यानंतर मॅडमना विचारून मी फोम सुरू केला. आधी कानामागं थोडा लावून दोन दिवस बघितलं. खाज नाही. आता रात्री जेवणानंतर लावतो, पूर्ण वाळू देतो, हात साबणानं धुतो. उशीचा अभ्रा माझा वेगळा, टॉवेल वेगळा. दहिवडीला जायचं असलं की मॅडमना विचारून आधीच बंद करतो आणि निघताना डोकं धुतो. केस आले का? समोर पावट्याच्या कोंबांसारखे तुरळक आलेत. मला दिसतात, आईला दिसतात, बाकीच्यांना दाखवावे लागतात.

या वर्षी शीतलची नोकरीची परीक्षा होती, केंद्र साताऱ्याला. स्वरा दहा महिन्यांची झालेली. तीन-साडेतीन तास तिला कुणी बाहेर सांभाळायचं, यावर दहिवडीत बरीच चर्चा झाली. सासूबाई तयार होत्या, नणंदही यायला तयार होती. शीतलनं मला फोन केला. "दादा, तू येशील का?" एवढंच विचारलं.

मी आठ दिवस आधी औषध बंद केलं. त्या दिवशी पहाटे डोकं दोनदा धुतलं, दुकानातून आणलेला कोरा सदरा घरी धुऊन मग घातला. केंद्राच्या फाटकाशी गर्दी होती. शीतल धावत आली, हातात प्रवेशपत्र, कडेवर स्वरा. मी सवयीनं दोन्ही हात पुढं करून तळवे वर केले, धुतलेत बघ म्हणून. तिनं तळव्यांकडं बघितलंच नाही. स्वराला सरळ माझ्या खांद्यावर ठेवलं, पिशवी माझ्या हातात दिली, दूध अकराला पाज म्हणाली आणि फाटकातून आत गेली.

मी तिथं उभा राहून ती लांब जाईपर्यंत बघत होतो. अंगण मोठं होतं, पायऱ्या होत्या, मग लांबलचक ओसरी. शीतलनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.